शिस्तीत विसावा : फ्रीमेसन लॉजच्या नवख्यांसाठी सूचना

या सूचना कोणासाठी

ज्यांना रविवारी दुपारी झोप लागत नाही, लागलीच तर स्वप्नात एक्सेल शीट दिसते, ज्यांनी मन शांत व्हावं म्हणून ध्यानाचं अ‍ॅप घेतलं आणि आता त्या अ‍ॅपच्या आठवणींनीच ज्यांचा जीव मेटाकुटीला आला आहे, अशा सर्व सद्‌गृहस्थांसाठी या सूचना आहेत. ‘सद्‌गृहस्थांसाठी’ हे अनवधानाने लिहिलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईल आणि ते फारसं भूषणावह नाही.

मूळ मुद्दा आधी सांगून टाकतो. कामाच्या माणसाला नुसती सुट्टी देऊन भागत नाही. वर्षानुवर्षं वेळापत्रकावर जगलेल्या माणसाच्या हाती मोकळी संध्याकाळ दिली की तो माळा आवरायला काढतो, नाहीतर जुनी बिलं तारखेनुसार लावत बसतो, आणि रात्री ‘आज काहीच झालं नाही’ म्हणून हळहळतो. अशा माणसाला विसावा द्यायचा तर त्या विसाव्यालाही विषयपत्रिका हवी, गणवेश हवा, हजेरी हवी, पदाधिकारी हवेत, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हवं. ऑफिसात असतं ते सगळं हवं; फक्त त्यातून काही निष्पन्न व्हायलाच पाहिजे ही सक्ती नको.

लंडनच्या मंडळींना हे तीनशे वर्षांपूर्वी उमगलं. परंपरा सांगते की २४ जून १७१७ रोजी सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारातल्या ‘गूज अँड ग्रिडायरन’ नावाच्या गुत्त्यात चार लॉजच्या, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखांच्या, लोकांनी एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे त्यांची शिखर संस्था, स्थापन केलं. चारही लॉज गुत्त्यांतच भरत असत. या तारखेवर हल्ली इतिहासकार वाद घालतात. नवख्याने घालू नये. जमलेल्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात दगड फोडलेला नव्हता. जुन्या गवंड्यांच्या संघांकडून त्यांनी गुण्या, कंपास, ओळंबा, हातोडा आणि एप्रन एवढं उसनं घेतलं, प्रत्येक अवजाराला एकेक नीतितत्त्व चिकटवलं, आणि महिन्यातून एक संध्याकाळ बायकामुलं, सावकार आणि सरकार यांच्यापासून लांब बसायची रीतसर सोय करून घेतली. पुढे १७२३ साली जेम्स अँडरसन नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने नियमांचं पुस्तक तयार केलं, त्यात त्याने संस्थेचा इतिहास थेट आदमपासून सुरू केला. आपल्याकडच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांच्या संपादकांना यात काही वावगं वाटणार नाही.

पत्ता

मुंबईतला फ्रीमेसन्स हॉल फोर्टात, डी. सुखडवाला मार्गावर आहे. सीएसएमटीहून चालत जाता येतं. पुण्याचा कॅम्पात आहे. गुण्या आणि कंपास एकमेकांत अडकवलेलं चिन्ह दिसलं की योग्य जागी आलात असं समजावं. पूर्वी हिंदुस्थानात अशा इमारतींना सामान्य लोक ‘जादूघर’ म्हणत. दारं लावून घेतलेली, बाहेर तलवार घेऊन माणूस उभा, आतून ठोक्यांचे आवाज आणि मग बराच वेळ शांतता. यावरून लोकांनी दुसरा काय निष्कर्ष काढायचा?

त्या जादूघरात शिरणं एतद्देशीयांना सहज जमलं नाही. मुंबईतली लॉज सुरुवातीला गोऱ्यांचीच. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. माणेकजी हट्टी. ते समुद्र ओलांडून गेले आणि शेवटी पॅरिसमध्ये मेसन होऊन आले. तेव्हा मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ च्या डिसेंबरात ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं, हिंदी लोकांना घ्यायचं म्हणूनच. आधी पारशी आणि मुसलमान आले. हिंदूंच्या बाबतीत साहेबलोकांना तात्त्विक अडचण पडली: मेसन व्हायला एका परमेश्वरावर श्रद्धा लागते, आणि यांच्याकडे तर तेहतीस कोटी, शपथ घालायची ती कोणाची? कलकत्त्याला प्रसन्नकुमार दत्त हे त्यासाठी कित्येक वर्षं अर्ज, अपिलं करत राहिले आणि १८७२ साली आत गेले. बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, कलकत्त्याच्याच ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाने दीक्षा घेतली. त्याला पुढे जग विवेकानंद म्हणून ओळखू लागलं. विश्रांती हे त्याच्या आयुष्यातलं फारसं यशस्वी खातं नव्हतं, पण ते लॉजच्या माथी मारू नये.

हल्ली प्रश्न सोपा झालेला आहे. ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ पासून आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या छत्राखाली राहिलेली काही जुनी लॉजही इथे चालतात. भारतीय लॉजमध्ये मधल्या चौरंगावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहिब असे सगळे ग्रंथ मांडलेले असतात आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवायचा. परमेश्वराला तिथे ‘विश्वाचा थोर स्थापत्यकार’ म्हणतात. त्यामुळे बांधकाम व्यवसायातल्या सभासदांना उगीचच घरच्यासारखं वाटतं.

पूर्वानुभव

लागत नाही. पण लोकलमध्ये ज्याचा ग्रुप आहे त्याला लॉज परकं वाटणार नाही. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली खिडकी; जागा ज्येष्ठतेने मिळते, नवा माणूस कित्येक महिने उभा राहतो, आणि एके दिवशी कोणीतरी काही न बोलता सरकून त्याला चौथी सीट देतं. दसऱ्याला डब्याला तोरण, नारळ, पेढे. पन्नास मिनिटांत कोणी कोणाला पगार विचारत नाही, पण आईच्या ऑपरेशनला रक्त द्यायला सगळे हजर. लॉजमध्ये हेच सगळं आहे, शिवाय प्रत्येकाला पूर्ण खुर्ची.

अर्ज कसा करावा

तुम्हाला कोणी बोलावणार नाही. हा नियम फार जुना आहे: स्वतःच्या इच्छेने यायचं आणि स्वतः विचारायचं. एखाद्या काकांच्या कोटावर तो गुण्या-कंपासाचा बिल्ला दिसला तर धीर करून म्हणावं, ‘काका, तुमच्याकडे यायचं तर काय करावं लागतं?’ काका तुमच्याकडे जरा वेळ बघत राहतील. ती मुलाखतीची सुरुवात असते.

वय एकवीस पूर्ण हवं, देवावर विश्वास हवा, वर्गणी भरण्याची ऐपत हवी. त्यानंतर समिती बसते. ती एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारते: कशासाठी यायचंय? ‘नेटवर्किंग’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नये. आर्थिक किंवा दुसऱ्या कुठल्या क्षुद्र फायद्यासाठी आलेलो नाही, असं पुढे विधीत तुम्हाला स्पष्ट जाहीर करावं लागतं. आयुर्विम्याचे एजंट आणि रिडेव्हलपमेंटचे सल्लागार यांनी ते वाक्य म्हणताना कोणाच्या डोळ्यांत बघू नये.

मग मतदान. पेटीत पांढरी किंवा काळी गोटी टाकायची असते, हात पेटीच्या आत, कोणाचं कोणाला दिसत नाही. ठराविक संख्येने काळ्या गोट्या निघाल्या की विषय संपला, कारण विचारायचं नाही. सोसायटीच्या निवडणुकीची सवय असलेल्यांना ही पद्धत फारच सभ्य वाटते.

घरची संमती आहे ना, हेही पुष्कळ ठिकाणी विचारतात, तेव्हा ती आधी घेऊन ठेवावी. मात्र ‘आज संध्याकाळी लॉजवर जायचंय’ असं तुटक वाक्य टाकून चपला घालू नयेत. पुढच्या प्रश्नांची उत्तरं देण्यात पहिली सभा हुकते.

पोशाख

काळा सूट, पांढरा शर्ट, काळा टाय, पांढरे हातमोजे. मुंबईत, मे महिन्यात. यावर बोलण्यासारखं काही नाही. एप्रन लॉजमध्ये मिळतो. पहिला पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा, साधा. पुढे त्यावर निळी फुलं येतात, मग निळी किनार, आणि कर्तृत्व फारच झालं तर सोनेरी झालर. स्वयंपाकघरात ज्यांनी कधी एप्रन बांधलेला नाही अशी माणसं तो किती भक्तिभावाने बांधतात ते बघण्यासारखं असतं.

धातू

दीक्षेच्या दिवशी सूटचा काही उपयोग होत नाही, कारण तो अंगावर राहत नाही. डोळ्यांवर पट्टी, एक बाही वर, एक गुडघा उघडा, एका पायात सपाता, गळ्यात दोरी. हे सगळं बाहेरच्या जगात एव्हाना छापून आलेलं आहे, तेव्हा मी काही फोडतोय असं नाही. नवख्याने लक्ष द्यायचं ते त्याआधीच्या एका बारीक गोष्टीकडे. दाराशी तुमच्याजवळचे सगळे पैसे आणि धातूच्या वस्तू काढून घेतात. नाणी, किल्ल्या, घड्याळ, अंगठी. अठराव्या शतकात हा नियम ज्यांनी केला त्यांना मोबाइल नावाची वस्तू ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण तोही धातूचाच. बिचारा बाहेर एका ताटात पडून राहतो आणि थरथरतो. आत तुम्ही डोळे बांधून उभे असता आणि तुमच्या आयुष्यात कित्येक वर्षांत प्रथमच तुम्हाला कोणी गाठू शकत नाही. हल्ली यालाच डिजिटल डिटॉक्स म्हणतात आणि त्यासाठी लोक कर्जतला दोन दिवसांचे सणसणीत पैसे मोजतात.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे तुम्हाला दालनाच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. वास्तुशास्त्रवाल्यांनी हुरळून जाऊ नये. इमारतीची कोनशिला तिकडे बसवायची जुनी रीत होती, म्हणून. तिथे उभं असताना, अगदी गंभीरपणे, तुमच्याकडे गरिबांसाठी देणगी मागतात.

तुम्ही खिसा चाचपता. खिसा नाहीच.

या क्षणी पुष्कळ मोठी माणसं गडबडतात. ज्याने सकाळी शंभर लोकांच्या पगाराच्या यादीवर सही केली, त्याच्याकडे संध्याकाळी द्यायला चार आणे नसतात, यूपीआयही नाही. त्याची ती गडबड होऊ देतात, मग समजावतात की याची फजिती करायची नव्हती; कधी एखादा अडचणीत सापडलेला भाऊ भेटला तर आपणही इथे कफल्लक उभे होतो याची आठवण राहावी, एवढंच. संपूर्ण विधीत मला सगळ्यात पटलेली जागा ही. नीतिपाठ सगळेच देतात, पण आधी खिसा रिकामा करून मग दान मागायची युक्ती कोणा व्यवहारी माणसाच्या डोक्यातून निघालेली आहे. उरलेली अवजारांची रूपकं मी फारशी मनावर घेत नाही. ओबडधोबड दगड म्हणजे तुम्ही आणि घडवलेला चिरा म्हणजे तुमचं भवितव्य, वगैरे. ऐकायला बरी वाटतात, आणि पिवळ्या दिव्यात तर जास्तच.

दाराबाहेरचा माणूस

सभा सुरू होण्याआधी दार बंद होतं आणि बाहेर एक सभासद हातात उपसलेली तलवार घेऊन उभा राहतो. त्याला टायलर म्हणतात. आगंतुकांना आत न सोडणं हे त्याचं काम. दार वाजलं तर तो आधी बघतो, मग आतल्या पहारेकऱ्याला ठोक्यांनी कळवतो, आतला पहारेकरी वॉर्डनला, वॉर्डन लॉजच्या प्रमुखाला म्हणजे मास्टरला, आणि मास्टरने मान हलवली की उत्तर त्याच जिन्याने खाली येतं. उशिरा आलेल्या माणसाला आत यायला लागणारा वेळ पाहून एकदा तरी वाटतं, आपल्या ऑफिसच्या केबिनला ही पद्धत लागू केली तर दिवसभरात दोनच लोक आत येतील.

टायलर पुष्कळदा माजी मास्टर असतो. म्हणजे जो एकेकाळी पूर्वेच्या उंच खुर्चीवर बसून सगळ्यांना उठ-बस करायला लावत होता, तोच आता जिन्यापाशी उभा राहून डास मारतो. आपल्या मंडळांत माजी अध्यक्षांना पहिल्या रांगेत शाल-श्रीफळ असतं. त्यांच्या हातात तलवार देऊन त्यांना दाराबाहेर ठेवावं, ही कल्पना अजून कोणाला सुचलेली नाही. मी तिची शिफारस करतो.

आतल्या विश्रांतीचं खरं भांडवल हा माणूस आहे. घरात, गच्चीवर, महाबळेश्वरला, कुठेही आपण विसावतो तेव्हा दार उघडंच असतं: कुरिअरवाला येतो, बँकेचा फोन येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाच्या तरी मामेभावाचं निधन होतं. लॉजने तीनशे वर्षांपूर्वीच मान्य केलं की आपण स्वतःहून कोणाला नाही म्हणू शकत नाही. त्यासाठी वेगळा माणूस नेमावा लागतो, आणि तो सशस्त्र असलेला बरा.

चोवीस इंच

पहिल्या पायरीवर तुम्हाला तीन अवजारं मिळतात: चोवीस इंचांची पट्टी, हातोडा आणि छिन्नी. हातोडा-छिन्नीचं सोडा. पट्टी महत्त्वाची. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास, आणि ते वाटून दिलेले आहेत: काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विसाव्याला, आणि काही अडचणीतल्या मित्राला. अमेरिकेतल्या लॉजांनी तर सरळ आठ-आठचे तीन तुकडे पाडले.

नवख्याने हे ऐकून घरी गेल्यावर आपला दिवस त्या पट्टीवर मोजून बघावा. डोंबिवली ते अंधेरी जाऊन-येऊन चार इंच. बैठकांचे सात, त्यांतल्या दोन इंचांत तुम्ही म्यूटवर. मोबाइल किती, ते मोबाइलच दर रविवारी सकाळी सांगतो आणि त्या दिवशी चहा कडू लागतो. मित्रासाठी साधारण पाव इंच उरतो, तोही वाढदिवसाला केकचं चित्र पाठवण्यात जातो.

पट्टीबद्दल एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी. तिच्यावर मटार सोलण्याचा इंच नाही. मुलाचा गृहपाठ, सासूबाईंची औषधं, दळण, गॅसचं बुकिंग, यांना कुठेच जागा नाही. ज्यांनी ही पट्टी आखली त्यांच्या घरी हे इंच दुसरं कोणीतरी मोजत होतं. पुरुषांचा हा तीनशे वर्षांचा विसावा बायकांच्या खात्यातून उचललेला आहे, आणि या व्यवहाराची नोंद कुठल्याही लॉजच्या इतिवृत्तात सापडणार नाही. बायकांना या मूळ परंपरेच्या लॉजमध्ये आजही प्रवेश नाही. तोच माणेकजी करसेटजी पाहा: ज्याने स्वतःला बंद असलेलं दार समुद्र ओलांडून उघडून घेतलं, १८६३ साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली, त्याच्या लाडक्या लॉजमध्ये मात्र त्या शाळेतली एकही मुलगी कधी सभासद होऊ शकली नसती. पॅरिसला १८९३ मध्ये स्त्री-पुरुष दोघांना घेणारी एक वेगळी शाखा निघाली. अ‍ॅनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात गेल्या आणि त्यांनी ती हिंदुस्थानात आणली. मूळ शाखेने त्यांना कधीच आपलं म्हटलं नाही. इथे सूचना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. महिन्यातून एक संध्याकाळ सौभाग्यवतींनी तलवार घेऊन स्वतःच्या खोलीबाहेर कोणाला उभं करावं, एवढंच सुचतं. नवरा मोकळा असतोच.

काम आणि विसावा

दालनात पूर्वेला मास्टर बसतो, पश्चिमेला सीनियर वॉर्डन, दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन. उत्तरेला प्रमुखांपैकी कोणी नाही, कारण सूर्य तिकडे फिरकत नाही. पूर्वेचा कामाला सुरुवात करतो, पश्चिमेचा मावळतीला काम बंद करून सगळ्यांचे हिशेब चुकते झाले ना ते पाहतो. आणि दक्षिणेचा? सूर्य माथ्यावर आला की मंडळींना कामावरून विसाव्याला बोलवायचं आणि विसाव्यावरून परत कामाला लावायचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी त्याला गळ्यात पदक आहे, हातात हातोडी आहे, पुढे एक छोटा खांब आहे. तो आडवा-उभा करून चालू काय आहे ते दाखवायचं.

हे वाचून क्षणभर थांबावं. जेवणाच्या सुट्टीसाठी स्वतंत्र पदाधिकारी. कुठल्याही कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने आजवर एवढी मजल मारलेली नाही. तिथे ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर वेबिनार असतो, तोही बरोबर एक ते दोन.

पाठांतर

विधी पुस्तकात बघून म्हणायचा नसतो. पानंच्या पानं इंग्रजी, तेही अठराव्या शतकाच्या वळणाचं, तोंडपाठ. लहानपणी ज्यांच्याकडून दिवेलागणीला रामरक्षा आणि पावकीचे पाढे म्हणवून घेतले गेले, त्यांना जमतं. बाकीच्यांनी गाडीत पुटपुटावं, शेजारचा जरा सरकून बसतो आणि जागाही मिळते. तालमीसाठी वेगळ्या बैठका असतात. लंडनमध्ये १८२३ पासून चालत आलेली एक तालीमशाळाच आहे, ‘इम्युलेशन’. तिथे एकाही शब्दाची सूचना न घेता अख्खा विधी म्हणून दाखवणाऱ्याला चांदीची काडेपेटी देतात. बँका चालवणारी, खटले लढवणारी माणसं त्या काडेपेटीसाठी महिनोन्‌महिने घोकत असतात. उपयोग विचाराल तर शून्य, आणि तेच औषध. ज्या डोक्यात तिमाहीचे आकडे फिरायचे तिथे आता ‘डाव्या पायाने पुढे’ की ‘उजव्या’ हे फिरतं. काळजी तेवढीच, तिचा विषय मात्र निरुपद्रवी.

बोलण्याचे विषय

धर्म आणि राजकारण यांवर लॉजमध्ये बोलायचं नाही. हा नियम १७२३ च्या पुस्तकातला आहे आणि तो अजून पाळतात. मग मराठी माणसाने बोलायचं काय, ही शंका रास्त आहे. पहिल्या दोन-तीन सभांत भयंकर शांतता होते, त्यानंतर माणसं गुडघेदुखी, आंबा, मुलीचा व्हिसा आणि जुन्या इराण्याकडचा ब्रून मस्का अशा विषयांवर येतात आणि अचानक त्यांना एकमेकांची नावं कळतात. नावाआधी ‘ब्रदर’ लावायचं असतं. सोमवारी ज्या व्हाइस प्रेसिडेंटने तुमचा रिपोर्ट टेबलावर आपटला, त्याला गुरुवारी ‘ब्रदर’ म्हणावं लागतं, आणि त्यालाही तुम्हाला. दोघांनाही जड जातं. त्याला जरा जास्त.

जेवण

सभा संपली की जेवण, आणि जेवणालाही विधी. टोस्ट पदानुसार ठरलेले. ग्लास जाड बुडाचे, ते टेबलावर एका तालात आपटायचे. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा अजून कागदावर आहे आणि कायद्याने प्यायला परवाना लागतो. पण ग्लासात काय आहे यावर टोस्टचं काही अडत नाही. कोकम सरबताचा ग्लासही तालात आपटता येतो, फक्त पांढरे हातमोजे आधी काढावेत.

आपल्याकडे या पंगतीचं मोल वेगळं आहे. मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या ‘होप अँड पर्सिव्हरन्स’ लॉजमध्ये मेसन झाला. त्याने पुढे लिहिलं की आपल्याला दीक्षा द्यायला ब्राह्मो होता, मुसलमान होता, इंग्रज होता आणि दाराबाहेरचा टायलर हिंदी यहुदी. त्याच्या ‘द मदर लॉज’ या कवितेत मात्र हे सगळे भाऊ एकत्र जेवत नाहीत. कोणाची जात बाटेल या धास्तीने मेजवानीच ठेवत नाहीत. शपथा एकत्र घेता येत होत्या, गुपितं एकत्र ठेवता येत होती, पण पानं एकत्र मांडता येत नव्हती. तेव्हा आज शेजारच्या पानात कोणी काय वाढून घेतलं याकडे न बघता मुकाट्याने जेवावं.

शेवटचा टोस्ट टायलरचा: जमिनीवर, समुद्रावर विखुरलेल्या सगळ्या गरीब, पीडित मेसनांच्या नावाने, त्यांची संकटं लवकर टळोत आणि ज्यांना घरी परतायचंय ते परतोत. हा टोस्ट झाला की खरोखरच घरी जायचं असतं. कर्जत फास्ट चुकली की पुढची स्लो.

गुपितं

विचारलं तर सांगू नयेत, आणि न विचारताही सांगू नयेत. तसं पाहिलं तर सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या गृहस्थाने १७३० सालीच सगळं छापून टाकलं आणि ते पुस्तक हातोहात खपलं. खुणा, शब्द, हस्तांदोलन, सगळं. म्हणजे जी गुपितं तुम्ही प्राणपणाने सांभाळणार आहात ती तीनशे वर्षं बाजारात आहेत. तरी सांभाळावीत. रात्री घरी आल्यावर ‘काय झालं?’ म्हटलं की ‘काही नाही, मीटिंग होती’ एवढंच म्हणायचं. फोटो नाही, स्टेटस नाही, कोणाला टॅग नाही. आयुष्यातली एक अख्खी संध्याकाळ कोणालाही दाखवता येत नाही, याची सुरुवातीला हुरहुर लागते. दोन-तीन महिन्यांनी ती जाते.

शंका-समाधान

वरची पदं मिळायला किती वेळ लागतो? तीन पायऱ्या आहेत. तिसरीत एका जुन्या वास्तुकाराच्या खुनाचं नाट्य असतं आणि त्यात तुमची भूमिका मोठी आहे, पण संवाद नाहीत. मास्टरची खुर्ची रांगेने येते आणि वर्षभर टिकते. त्यानंतर आयुष्यभर माजी.

जग चालवणारी जी गुप्त संघटना म्हणतात ती हीच का? हीच. मात्र गेल्या सभेत वार्षिक वर्गणीच्या थकबाकीवर एक तास चर्चा होऊन निर्णय पुढे ढकलला गेला, तेव्हा जगाने थोडा धीर धरावा.

अमेरिकेत यांची संख्या घटली म्हणतात, ते खरं? खरं. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथे चाळीस लाखांवर मेसन होते, आज दहा लाखांच्या खाली आहेत. लोकांना वेळ नाही.

मलाही वेळ अजिबात नाही. तरी घेतील का? आनंदाने. किपलिंगला लाहोरच्या लॉजने एकविसावं पूर्ण व्हायच्या आधी, खास परवानगी काढून घेतलं. तेव्हा तो वर्तमानपत्रात रात्रंदिवस राबत होता. एवढी घाई का केली, तर लॉजला एक चांगला सेक्रेटरी मिळेल अशी आशा होती, असं त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. तेव्हा अर्ज करताना तुम्ही ऑफिसात मिनिट्स लिहिता हे कोणाला सांगू नका.